आण्णांच्या तीन गाड्या आणि वाटणीचा आकडा

आण्णा, म्हणजे माझे सासरे, गेल्यावर मालमत्तेची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी सहकारी बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं सोनेतारणाच्या टेबलावर. त्यामुळे घरात कशाची किंमत काढायची म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. म्हसरूळचं घर, पोस्टातली बचतपत्रं, बँकेतल्या ठेवी, हे सगळं एका बैठकीत कागदावर आलं. गाडं अडलं ते घरामागच्या पत्र्याच्या शेडपाशी. तिथे तीन मोटरसायकली उभ्या होत्या: १९६९ ची जावा, १९८४ ची राजदूत आरडी ३५० आणि १९९४ ची यामाहा आरएक्स १००.

धाकट्या दिरांचं म्हणणं सरळ होतं. पुण्याचा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी तिन्हींचे मिळून साडेतीन लाख द्यायला तयार होता. "पैसे घ्या वहिनी, तीन वाटे करा, विषय संपला." माझ्या मोठ्या नणंदेला, ताईंना, जावा हवी होती, पण फुकट नको होती, त्या मानी आहेत. त्यांच्या मुलाला आरएक्स हवी होती आणि त्याला ती फुकटच हवी होती. आमच्या ह्यांना काहीच नको होतं, फक्त भांडण नको होतं. अशा वेळी प्रत्येक वस्तूपुढे एक आकडा लागतो, आणि तो कुठून आला हे तिघांनाही पटावं लागतं.

भाचा म्हणाला, "मामी, ओएलएक्सवर बघ ना, लगेच कळेल." पाहिलं. त्याच मॉडेलच्या आरएक्सला कोणी चाळीस हजार मागत होतं, कोणी दोन लाख. मागितलेली किंमत म्हणजे किंमत नव्हे, हे आमच्या टेबलावर पहिल्या आठवड्यात शिकवतात. मग त्याने मोबाईलवर आणखी एक बातमी काढून दाखवली: अमेरिकेत लास व्हेगासला २०१८ साली व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग नावाची १९५१ ची मोटरसायकल लिलावात ९ लाख २९ हजार डॉलरला गेली, आणि २०२३ मध्ये १९०८ च्या एका हार्ले-डेव्हिडसनने ९ लाख ३५ हजार डॉलर घेऊन तिलाही मागे टाकलं. दिरांचे डोळे चमकले. मी म्हटलं, ब्लॅक लाइटनिंग जगात मोजून तीसेक बनल्या. आरएक्स नाशिकच्या प्रत्येक कॉलेजबाहेर रांगेने लागलेल्या असायच्या. त्या लिलावाचा आणि आपल्या शेडचा संबंध तेवढाच, जेवढा कोहिनूरचा आणि माझ्या मंगळसूत्राचा.

पण एक गोष्ट मला त्या बातम्यांतूनच जाणवली. हार्लेच्या वर्णनात इंजिनापेक्षा जास्त मजकूर होता तो तिची टाकी, चाकं, सीटचं कव्हर मूळचं आहे यावर. म्हणजे पैसे पडले होते ते न बदललेल्या वस्तूला. हे डोक्यात ठेवून मी शेडचं कुलूप उघडलं.

आण्णा ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात, फिटर होते. १९६४ साली मिग विमानांसाठी तो कारखाना उभा राहिला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आण्णा तिथे लागले. विमानाच्या कामात सुटा केलेला प्रत्येक नट नोंदवावा लागतो. ती सवय ते घरी घेऊन आले. जाड पुठ्ठ्याची एक लांबट वही, त्यात तिन्ही गाड्यांचा सगळा इतिहास: कधी ऑइल बदललं, कधी प्लग, कुठल्या दुकानातून कितीला, किलोमीटर किती. जावाची मूळ खरेदीपावती त्या वहीच्या मागच्या कव्हरला खळीने चिकटवलेली. आम्ही सगळे त्या वहीला हसायचो. सासूबाई म्हणायच्या, माझ्या बाळंतपणाच्या तारखा विसरतील, गाडीचा प्लग विसरणार नाहीत.

गाड्या बघायला मी वडाळा नाक्याजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आले. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. टू-स्ट्रोकवर त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना आधीच सांगितलं होतं: दुरुस्ती करायची नाही, चालू करायची नाही, नुसतं बघून सांगायचं आणि बघण्याचे पैसे घ्यायचे. विकत घेणाऱ्याने किंवा दुरुस्तीचं काम मिळणाऱ्याने किंमत सांगू नये, हा माझा बँकेतला नियम. सोनाराला दागिना विकायचाही असतो आणि तपासायचाही असतो तेव्हा काटा कुठे झुकतो ते मी पाहिलेलं आहे.

उस्तादांनी खिशातून लोहचुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि जावाच्या टाकीवरून फिरवलं. टाकी कुठे चेपून त्यात लांबी (पुट्टी) भरली असेल तर तिथे चुंबक धरत नाही. सगळीकडे धरलं. मग सीट काढून टाकीच्या खाली, मडगार्डच्या आतल्या बाजूला, हेडलाइटच्या कडेला रंग पाहिला. तोच मरून, वर झिजून विटकरी झालेला. टाकीवरची सोनेरी रेघ हाताने मारलेली, एका बाजूला जराशी जाड. उस्ताद म्हणाले, "भाभी, इसको किसी ने हाथ नहीं लगाया." मग किक हातात घेऊन हळूच दाबली. जावाची किक आणि गिअरचा दांडा एकच असतो. किक मारून झाली की तोच पुढे वळवून गिअर टाकायचा. दांडा कण्हत फिरला, इंजिन जाम नव्हतं. सिलेंडरला एकदाही बोअर मारलेलं नाही, म्हणजे झिजला म्हणून आतून कापून मोठा केलेला नाही, हे त्यांनी वहीत पाहून मग प्लगच्या भोकातून आत बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं.

दिरांनी विचारलं, "उस्ताद, चकाचक करायला किती?" रंग, निकल, नवीन रिमा-स्पोक्स, वायरिंग, सीट, रबरं आणि इंजिनाचं काम धरून त्यांनी सव्वा लाखाच्या आसपास आकडा सांगितला. आणि लगेच म्हणाले, नका करू. त्यांचं म्हणणं असं, की म्हैसूरच्या रंगातली जावा आता दिसत नाही. नव्या रंगातल्या हव्या तेवढ्या मिळतात. नवा रंग कोणीही कधीही मारू शकतो. जुना एकदा खरवडला की गेला.

मी हे तसंच्या तसं मानलं नाही, दोन बाजूंनी विचारून घेतलं. पुण्याच्या व्यापाऱ्याला फोन करून म्हटलं, जावा रंगवून दिली तर? तो खूश झाला, "दोन-सव्वादोन पर्यंत जाईल." मग दिरांच्या ओळखीतून मुंबईचा एक जावा-येझदी जमवणारा शोधला. हे लोक दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवसाला एकत्र जमतात, त्यांची आपापसात चांगली ओळख असते. त्याला फोटो पाठवले. त्याचे प्रश्न वेगळेच: हेडलाइटमधलं स्पीडोमीटर मूळचं आहे का, टूलकिट आहे का, पावती आहे का, इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसी बुकाशी जुळतात का. शेवटी म्हणाला, आहे तशी, न धुता, १ लाख ६० हजार. रंगवली तर मला नको.

हिशोब माझ्यासाठी तिथेच झाला. सव्वा लाख घालून सव्वादोन, म्हणजे हातात एक लाख. काहीच न घालता एक साठ. बाजारात दोन गिऱ्हाइकं असतात, चमक घेणारं आणि पुरावा घेणारं; आमच्याकडे दुसऱ्याला लागणारा माल होता आणि आम्ही पैसे खर्चून तो पहिल्यासाठी बिघडवणार होतो. दिरांना हे पटायला वेळ लागला. विटकरी रंगाच्या, गंजाचे ठिपके असलेल्या गाडीला कोणी जास्त का देईल, हे त्यांच्या गळी उतरेना. त्यांनी आयुष्यभर फ्लॅट विकले आहेत. तिथे रंगकाम करूनच गिऱ्हाईक आणायचं असतं.

आता कागद. गाडी मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, तो तीन महिन्यांत द्यायचा. सोबत मृत्यूचा दाखला, इतर वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, विमा, पीयूसी, आणि चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट: नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची की तो उमटतो. पेठ रोडच्या आरटीओत मी हे सगळं घेऊन गेले. आरएक्स आणि आरडी संगणकावर दिसल्या. जावाचा नंबर एमएच-१५ सुरू व्हायच्या आधीचा, तीन अक्षरांचा. अशा गाड्यांची नोंद जुन्या रजिस्टरातून संगणकावर चढवावी लागते, तिला बॅकलॉग म्हणतात. आमची चढलेली होती, कारण आण्णांनी रिपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, वेळच्या वेळी केलं होतं. शेवटचं मात्र आजारपणात राहून गेलेलं. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते, आणि एप्रिल २०२२ पासून मोटरसायकलला उशिराचे महिन्याला ३०० रुपये लागतात. तीन वर्षं झोपून राहिलात तर तेच दहा हजारांच्या वर. शिवाय २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटरसायकलचं नूतनीकरणाचं शुल्क २ हजार झालं, पर्यावरण कर निराळा. घरात "गुंतवणूक" म्हणून जुनी गाडी ठेवणारे ह्या रकमा कधी धरत नाहीत.

जावाला दुसरा मार्गही होता. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण, मूळ स्वरूपात राखलेली, चासी-इंजिनात मोठा बदल नसलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला २० हजार, ती दहा वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला ५ हजार. आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, हे त्यातलं गोड. कडू असं की गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यापुरतीच रस्त्यावर आणायची. ताईंनी लगेच नाही म्हटलं. त्यांना रविवारी सोमेश्वरला जायचं होतं जावावर, मागे बसून का होईना. मग साधं रिपासिंग. त्यासोबत उच्च सुरक्षा नंबरप्लेट, दुचाकीला जीएसटीसह ५३१ रुपये. जावाच्या पुढच्या मडगार्डवर मूळची वळणदार पाटी आहे, आडवी नव्हे, मडगार्डच्या धारेवर उभी. नवी चपटी पाटी हँडलखाली एका पट्टीवर बसवली, मडगार्डला एकही भोक न पाडता. जुनी कपाटात ठेवली, कारण उद्या मुंबईवाला तीही विचारणार.

आरएक्सचं काय झालं ते थोडक्यात सांगते. सगळ्यांना वाटत होतं हिला मागणी जास्त म्हणजे हिची किंमत सोपी. आरएक्स १०० बाजारात आली १९८५ ला, बंद झाली १९९६ ला. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, आणि वजनाला इतकी हलकी की चालवणाऱ्याला ती दुपटीची वाटावी. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुरुषांच्या डोक्यातून ती जात नाही. माझ्याच घरात एक नमुना आहे. पण पेन्सिल प्रिंट काढताना इंजिन नंबर आरसीशी जुळेना. वहीत उत्तर सापडलं: २००३ मध्ये इंजिन जाम झालं होतं आणि एका गॅरेजने आरएक्स १३५ चं वापरलेलं इंजिन आणून बसवलं होतं. आण्णांनी नोंद केली होती, खाली कंसात लिहिलं होतं, "आरटीओत चढवणे". ते राहिलं. भाचा म्हणाला, "मग काय झालं मामी, १३५ तर जास्त पळते." पळू दे. इंजिन बदललं की ते आरसीवर चढवावं लागतं, आणि ते इंजिन कुठल्या गाडीचं होतं याचा कागद नसेल तर जमवणारा हातही लावत नाही. आरएक्सच्या चोऱ्या इतक्या झाल्यात, की न जुळणारा नंबर म्हणजे आधी संशय. उस्तादांनी वापरणाऱ्याच्या भावात सांगितली: पस्तीस हजार, तेही कागद सरळ करून. सर्वांत लोकप्रिय गाडी सर्वांत स्वस्त निघाली.

आणि आरडी. ही आण्णांनी नवी घेतली नव्हती. १९९१ साली देवळाली कॅम्पातून बदली होऊन निघालेल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून ११ हजारांना घेतली, वहीत तसं आहे. त्या काळी आरडी कोणालाच नको होती. एस्कॉर्ट्सने यामाहाची ही ३४७ सीसी, दोन सिलेंडरची, सहा गिअरची गाडी १९८३ ला इथे आणली, आणि ज्या देशात गाडीचा पहिला प्रश्न "देते किती" हा आहे तिथे ती पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. परदेशातल्या मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, इथे ड्रम आला, म्हणजे पळायचं जोरात आणि थांबायचं देवाच्या भरवशावर. मग कंपनीने ताकद कमी करून दुसरी आवृत्ती काढली. पहिलीला लोक एचटी (हाय टॉर्क) म्हणतात, ३०.५ अश्वशक्ती, दुसरी एलटी (लो टॉर्क), २७. तरी चालली नाही आणि १९९० च्या आत-बाहेर बंद पडली. न खपलेली गाडी म्हणून कमी शिल्लक, आणि कमी शिल्लक म्हणून आज महाग. आमची एचटी होती. नंबर जुळत होते. रंग मात्र आण्णांनी एकदा पूर्ण मारून घेतला होता, वहीत तारखेसकट.

हिला तीन ठिकाणांहून भाव आला. व्यापारी पाच म्हणाला, "रिस्टोर करून". बंगळुरूचा एक जण साडेतीन. तिसरा नाशिकचाच, गंगापूर रोडचा, स्वतः चालवणारा, साडेचार लाख, आहे तशी. त्याने चालू करून पाहिली. दोन सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला आणि शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे उतरवले गेले.

साडेचार लाख ऐकून दिरांनी मला चिडवलं, "बघा वहिनी, तुमच्या एफडीत एवढं झालं असतं का?" मला हा प्रश्न आवडला, कारण तो मोजता येतो. १९९१ चे ११ हजार, २०२५ चे साडेचार लाख, साधारण चाळीस पट. चौतीस वर्षांत चक्रवाढीने वर्षाला साडेअकरा टक्के. एफडीपेक्षा नक्की बरं. १९९१ ला दहा ग्रॅम सोनं साडेतीन हजारांच्या आसपास होतं आणि २०२५ मध्ये लाखाच्या पार. ते तीस पट तरी झालं. म्हणजे आरडीने सोन्याला मागे टाकलं. पण त्याच १९९१ मध्ये सेन्सेक्स हजार ते दोन हजारांच्या दरम्यान फिरत होता आणि २०२५ मध्ये ऐंशी हजारांवर होता, लाभांश वेगळाच. शेअरला ऑइल लागत नाही, क्रँकचं सील लागत नाही, विमा लागत नाही. वहीतले आरडीवरचे सगळे खर्च मी बेरजेला घेतले, तर साडेअकरा टक्क्यांचे नऊच्या घरात आले.

आणि ती आमच्या नशिबाची गाडी. जावाचं गणित करून दाखवलं तेव्हा दीर गप्प झाले. १९६९ च्या पावतीवरचा आकडा चार हजारांच्या थोडा आत आहे. त्या सुमाराला सोनं दहा ग्रॅमला २०० रुपयांच्या आत होतं. आण्णांनी तेव्हा जावाऐवजी सासूबाईंना सोनं घेतलं असतं तर वीस तोळे आलं असतं, आणि वीस तोळ्यांचे आज वीस लाखांच्या वर होतात. जावाचे एक साठ. म्हैसूरच्या त्या कंपनीचं ब्रीद "फॉरएव्हर बाईक, फॉरएव्हर व्हॅल्यू" असं होतं. पहिला भाग खरा ठरला. सासूबाई असत्या तर दुसऱ्या भागावर बोलल्या असत्या.

भाच्याला मात्र वेगळीच ऊर्मी आली. आता जुन्या गाड्या घेऊन ठेवायच्या आणि दहा वर्षांनी विकायच्या. त्याला मी एवढंच विचारलं, दहा वर्षांनी घेणार कोण? आज आरएक्सला पैसे देणारा माणूस तिच्यावर कॉलेजला गेलेला आहे, किंवा जाता आलं नाही म्हणून आज घेतोय. तुझ्या वयाची मुलं कशावर गेली? तो म्हणाला, ॲक्टिव्हावर. मग ॲक्टिव्हा घेऊन ठेव. त्याने ते गंमतीत घेतलं. मी पूर्ण गंमतीत म्हटलेलं नव्हतं. दुसरी अडचण पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं. गाडी उभी राहिली की टाकीच्या तळाला ते साचून आतून गंजते, आणि जुनी रबरी पाइपं-सीलं फुगतात. उस्तादांचा सल्ला, उभी करायची तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून उभी करा. म्हणजे जपणूक हेही कामच. नुसतं कुलूप लावून ठेवायला ते सोनं नव्हे.

कराचं सोपं निघालं. स्वतःच्या वापरातली जंगम वस्तू आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरत नाहीत. दागिने, चित्रं, शिल्पं यांना ही सूट नाही, मोटरसायकलला आहे. त्यामुळे आरडीच्या नफ्यावर भांडवली लाभाचा कर नाही. भाच्यासारखं घेऊन-विकून करणाऱ्याचा मात्र तो धंदा ठरतो. गंगापूर रोडवाले गृहस्थ साडेचार लाख रोख आणतो म्हणाले. मी हात जोडले. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड बसू शकतो, आणि तो घेणाऱ्यावर. आरटीजीएस करा म्हटलं. शिवाय विक्रीनंतर नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून गाडी सोडायची नाही, नाव बदललेलं पाहायचं, हेही दिरांना सांगून ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की अपघात झाला तर जबाबदारी नोंदणीवर ज्याचं नाव त्याची, गाडी हातोहात पुढे गेली असली तरी.

सगळं ठरलं आणि मग त्या गृहस्थांनी वही मागितली. आरडीचा इतिहास त्यात आहे, रंग कधी मारला, क्रँक कधी उघडला; साडेचार लाख त्यांनी त्या वहीसकट धरले होते, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं चुकत नव्हतं. तसं पाहिलं तर मीच गेले कित्येक आठवडे घरात सांगत होते की किंमत कागदाची आहे, लोखंडाची नाही. पण वही एकच, गाड्या तीन, आणि जावाची पावती तिच्याच पुठ्ठ्याला चिकटलेली. आरडीची पानं फाडून द्यावीत असं दीर म्हणाले. ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा बोलले नाहीत. आणि पानं एकमेकांत गुंतलेली, एका बाजूला आरडीचा प्लग तर मागे जावाचं रिपासिंग.

शेवटी आरडीच्या सगळ्या पानांच्या प्रती काढून नोटरीकडून साक्षांकित करून दिल्या आणि भाव ४ लाख ३० हजारांवर आला. वीस हजार कोणाच्या वाट्यातून कमी करायचे यावर पुन्हा बैठक. दीर म्हणाले, तिघांत. ताई म्हणाल्या, वही जावासोबत माझ्याकडे येणार, तर वीस हजार माझ्यावर घाला, जावा १ लाख ८० ची धरा. मी यादीत तसा आकडा बदलला, तिघांच्या सह्या घेतल्या, आणि आरएक्सचे पस्तीस हजार भाच्याच्या नव्हे, त्याच्या आईच्या खात्यात लिहिले.